आशीर्वादानंतर

रविवारच्या उपासनेचा शेवट ठरलेला असतो. पाळकसाहेब दोन्ही हात वर करतात, मंडळी माना खाली घालते आणि प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती व पवित्र आत्म्याची सहभागिता ‘तुम्हा सर्वांबरोबर असो’ हे शब्द कानावर पडतात. ‘आमेन’ म्हणून होते न होते तोच बाकांची सरकासरक सुरू होते, मुले संडे स्कूलमध्ये रंगवलेली चित्रे नाचवत आयांना शोधू लागतात, आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणींच्या मनात, खरे तर शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्यापासूनच, घरी गेल्यावर मटणाच्या कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या याचा हिशेब चालू झालेला असतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी अखेरीस हे आशीर्वादाचे वाक्य येते. निरोप घेताना लिहिलेले ते वाक्य आहे खरे, पण देव वेदीजवळ थांबणार आणि आपण रिक्षा शोधायला निघणार, अशी वाटणी त्यात कुठेही नाही. आपल्या वागण्यात मात्र ती वाटणी असते. सोमवार उजाडला की देव चर्चच्या कुलपात आणि आपण लोकलच्या गर्दीत, असे कोणी बोलून दाखवत नाही, तरी आठवडा तसाच जातो.

यावर काही जण एक सोपी पळवाट काढतात. देव सगळीकडे आहे, मग चर्चला यायलाच कशाला हवे, असे ते विचारतात. माझा अनुभव असा आहे की हा प्रश्न विचारणारे लोक देवाला चर्चमध्ये शोधत नाहीत आणि बाहेरही फारसे शोधत नाहीत. त्यांना रविवारी सकाळी झोप हवी असते, आणि तेही समजण्यासारखे आहे. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. जे लोक नेमाने उपासनेला येतात, प्रभुभोजन घेतात, दान देतात, त्यांना बुधवारी दुपारी तीन वाजता, कपडे वाळत घालताना किंवा बँकेच्या रांगेत उभे असताना, देव कसा भेटतो? भेटतो का?

पवित्र शास्त्र उघडले तर या बाबतीत तक्रारीला फारशी जागा उरत नाही. मोशे सासऱ्याची, इथ्रोची, मेंढरे चारत होता तेव्हा त्याला जळते झुडूप दिसले. गिदोन मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. अलीशा बैलांच्या बारा जोड्यांपैकी बाराव्या जोडीमागे नांगर धरून चालला होता. पेत्र आणि त्याचे सोबती जाळी टाकत होते, मत्तय जकात नाक्यावर बसला होता, आणि शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आली होती. यशयाला आणि जखऱ्याला दर्शन मंदिरात झाले हे खरे, पण बहुतेकांना देवाने कामाच्या जागेवरच गाठले, आणि तेही हातातले काम अर्धवट असताना. स्वतः प्रभू येशूच्या आयुष्याचा विचार केला तर हे आणखी ठळक होते. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की येशूने सेवाकार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. म्हणजे उपदेशाची वर्षे मोजकी आणि त्याआधीची सारी वर्षे नासरेथमध्ये, रंधा, करवत आणि गिऱ्हाइकांच्या तगाद्यात गेलेली. पुनरुत्थानानंतरही तो शिष्यांना भेटला तो कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर तयार ठेवून, आणि रात्रभर राबूनही रिकाम्या हातांनी राहिलेल्या त्या माणसांना त्याने आधी न्याहारीला बोलावले. पेत्राशी जे गंभीर बोलायचे होते ते त्याने सगळ्यांचे खाऊन झाल्यावर काढले.

या भेटींमध्ये मला एक गोष्ट वारंवार दिसते. देव भेटतो आहे हे त्या माणसांना त्या घटकेला बहुधा कळत नाही. याकोब दगड उशाला घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य कितीतरी वेळ पुनरुत्थित येशूशी बोलत चालतात आणि त्याला ओळखतात ते संध्याकाळी, घरात, भाकर मोडताना. ओळख पटते तोवर तो दिसेनासा झालेला असतो. आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही अशी एक भेट आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, बोलता बोलता त्याने नवा करार त्यांच्या हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असेही सांगून टाकले. तो गृहस्थ कोण होता याचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. ज्यांची पदे आज महाराष्ट्रभरच्या मंडळ्या पेटी-तबल्यावर गातात, त्या कवीच्या विश्वासाची सुरुवात घंटा, वेदी, व्यासपीठ यांच्यापासून दूर, रेल्वेच्या लाकडी बाकावर झाली.

स्वयंपाकघराचे उदाहरण द्यायचे तर ब्रदर लॉरेन्सचे नाव घ्यावेच लागते. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस मूळचा लॉरेन प्रांतातला, निकोला हर्मान. तरुणपणी तो सैन्यात होता, लढाईत पाय जायबंदी झाला आणि पुढे पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात तो साधा सेवक बंधू म्हणून दाखल झाला. त्याला काम मिळाले मुदपाकखान्यात, आणि त्याला स्वभावतःच स्वयंपाकाचा तिटकारा होता. ही गोष्ट मला फार दिलासा देते, कारण स्वयंपाकात देव शोधणाऱ्या माणसाला स्वयंपाकाची आवड असणारच असे आपण गृहीत धरतो. पुष्कळ वर्षे तो तिथे राबला. तव्यावरचे ऑम्लेट आपण देवाच्या प्रीतीखातर उलटतो, ते झाले आणि हाताला दुसरे काम नसले तर जमिनीवर लोटांगण घालून त्याची आराधना करतो, असे तो म्हणे. प्रार्थनेची नेमलेली वेळ आणि भांड्यांच्या खणखणाटाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असेही त्याने सांगून ठेवले आहे. एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्याला बर्गंडीला धाडले. व्यवहाराची जाण बेताची, त्यात पाय अधू. नावेत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून अंग घरंगळत न्यावे लागे. पण हे काम देवा तुझेच आहे, असे सांगून तो निश्चिंत राहिला आणि खरेदी नीट पार पडली. 1691 साली तो वारला. त्याचे बोलणे आणि त्याची पत्रे मागाहून छापली गेली म्हणून आपल्याला तो माहीत झाला. एरवी मठातल्या एका लंगड्या स्वयंपाक्याची नोंद कोण ठेवणार होते? मात्र त्याच्या गोष्टीतला एक भाग प्रवचनांतून सहसा गाळला जातो. हे सगळे त्याला सहज साधले नव्हते. आरंभीची दहा वर्षे आपण मनाने फार सोसले, देव आपल्यावर प्रसन्न नाही या शंकेने आपल्याला छळले, हे त्यानेच कबूल केले आहे.

माझ्या आजीने ब्रदर लॉरेन्सचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. ती नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वाचायला जेमतेम शिकलेली, पण भजने तोंडपाठ असलेली. मेथी निवडायला बसली की ती प्रार्थनेला बसलेली असे. सुपात जुडी सोडायची, एक काडी घ्यायची, पिवळे पान खुडून टाकायचे, कोवळी पाने ओरबाडून घ्यायची आणि तेवढ्या वेळात एका माणसाचे नाव देवापुढे ठेवायचे, अशी तिची रीत होती. पुढची काडी, पुढचे नाव. कोणाची नोकरी गेलेली, कोणाची सून माहेरी जाऊन बसलेली, कोणाला मोठ्या दवाखान्यात नेलेले. ओठ हलत, आवाज येत नसे, आणि मध्येच आम्हा पोरांपैकी कोणी मांजराची शेपूट ओढली तर देवाला तिथेच थांबवून ती आमच्यावर ओरडे आणि पुन्हा काडी उचले. मंडळीत आजारी माणसे वाढली की घरात मेथी जरा जास्तच येते, असे माझे वडील म्हणत. ही प्रार्थना कोणत्याही उपासनेच्या पुस्तकात सापडणार नाही. तरीही माझ्या पाहण्यातल्या प्रार्थनांमध्ये ती सर्वांत शिस्तीची होती, कारण जुडी संपल्याशिवाय ती संपत नसे आणि त्यात एकही वाक्य लोकांनी ऐकावे म्हणून म्हटलेले नसे.

हाताचे काम आणि आराधना यांची अशी सांगड मोठ्या प्रमाणावर पाहायची तर केडगावच्या मुक्ती सदनाकडे पाहावे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका तिथे विणत, शेतात राबत, दूधदुभते सांभाळत आणि छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून, सामान्य बाईला समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले आणि ते याच छापखान्यात, याच बायकांच्या हातून छापले गेले. रमाबाई 1922 साली गेल्या आणि ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. मुक्तीत 1905 साली जे आध्यात्मिक जागरण झाले त्याविषयी आमच्याकडे पुष्कळ बोलले जाते. मला मात्र ज्या बाईला काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती, तिने स्तोत्रसंहितेतली एक ओळ शिशाच्या एकेका अक्षराने, तीही उलटी, जुळवली असेल त्या तासाचे जास्त आकर्षण वाटते. बोटांना शाई, डोळ्यांवर ताण आणि पुढ्यात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाहीतर हे सारे फार गोड होऊन बसते. रोजच्या जगण्यात देव भेटतो म्हणजे दर वेळी काही जाणवते, असे नाही. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींना देवाने गाडी लावायला जागा मिळवून दिल्याचा, पाऊस पाच मिनिटे थोपवल्याचा रोजचा अनुभव असतो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण ज्याला जागा मिळाली नाही त्याच्याबरोबर देव नव्हता काय, हा प्रश्न मनात येतोच. मदर तेरेसांना गोरगरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक 1946 साली दार्जिलिंगला जाताना आगगाडीत ऐकू आली (आगगाडीचे आणि देवाचे काहीतरी खास नाते असावे). पण पुढे अनेक दशके देव आपल्याला जाणवतच नाही अशी त्यांची आंतरिक अवस्था होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, त्यांची पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले. ते वाचून काहींना धक्का बसला. मला उलट धीर आला. इतकी वर्षे मनात कोरड असताना ती बाई रोज पहाटे उठून जखमा धुवायला जात होती. उपाशी, तहानेल्या, आजारी माणसासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले प्रभूचे म्हणणे तिने भावनेच्या आधाराविना खरे मानले होते. तेव्हा भांडी घासताना मला काही विशेष वाटले नाही, एवढ्यावरून देव तिथे नव्हता असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार मला नाही.

वाटण्याची वाट न पाहता करायच्या गोष्टींत, आमच्या घरापुरती तरी, जेवणाआधीची प्रार्थना येते. प्रार्थना झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, हा नियम सर्व ख्रिस्ती घरांत असतो आणि सर्व ख्रिस्ती मुले एक डोळा किलकिला ठेवून तो पाळतात. घरात पाहुणा वडीलधारा असला तर प्रार्थनेचा मान त्याचा, आणि तो लांबण लावणारा असला तर मिशनकार्यापासून देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची आठवण होईस्तोवर भाकऱ्या गार होतात. कोणत्या पदार्थाला प्रार्थना लागते, याचेही अलिखित शास्त्र आहे. चहाला लागत नाही. चहाबरोबर खारी असली तरी लागत नाही. पोहे आले की मात्र घरात दोन पक्ष पडतात. ऑफिसात डबा उघडल्यावर मी क्षणभर डोळे मिटते, तेव्हा शेजारची मैत्रीण हातातला घास तसाच धरून थांबते; तिच्या घरी ‘वदनी कवळ घेता’ म्हटल्याशिवाय कोणी जेवत नसे, त्यामुळे तिला काही समजावून सांगावे लागत नाही. हॉटेलात मान खाली घालायला मला अजूनही थोडा संकोच होतो आणि मी रुमाल शोधण्याचे निमित्त करते. माझ्या मुलीला असला संकोच नाही. पाणीपुरीला प्रार्थना करायची का, आणि करायची तर पहिल्या पुरीआधी एकदाच की प्रत्येक पुरीआधी, असे तिने एका संध्याकाळी गाडीसमोर उभी राहून मला विचारले, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत स्वतःच निकालही लावला. ती आता रांगेत असतानाच मनातल्या मनात प्रार्थना करून घेते, कारण एकदा द्रोण हातात आला की पाणीपुरीवाला कोणाच्याही ‘आमेन’साठी थांबत नाही.