सोनटक्क्याचं बेट

सोनटक्का फुलेनासा झाला की आमच्या गुहागरात पहिला सल्ला मिळतो तो शेणखताचा. खताने पानं डोक्याच्या वर जातात, फूल मात्र दिसत नाही. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या बेटाला खायची ददात नसतेच; अडचण असते जागेची.

मातीखालचा गड्डा बाहेर बाहेर सरकत वाढतो. एका दांड्याला एकदाच फुलं येतात, मग त्याचं काम संपलं. नवा कोंब त्याच्या पुढ्यात. चार-पाच वर्षांत मधोमध नुसता जून कंद उरतो आणि कडेचे कोंब गडग्याच्या चिऱ्यांना जाऊन भिडतात. मग मेअखेर, मृगाच्या आधी, पारय घेऊन परसात उतरायचं.

बेट उचकटलं की आल्यासारखा ओला वास सुटतो. आलं-हळदीच्याच कुळातला हा. तांबडी माती झटकली की जुन्या दांड्यांच्या जागी वाटोळे वण दिसतात आणि टोकाला गुलाबीसर डोळा. दोन-तीन डोळे राहतील असा तुकडा कोयत्याने तोडायचा, कापल्या जागी राख चोळायची. मधला जून भाग सरळ माडाच्या आळ्यात. इथे आमच्या सासूबाई हळहळतात. "अगो, तोच तर मूळचा, आमच्या सासूबाईंनी लावलेला!" कडेचा कोंबही त्याच झाडाचा, हे त्यांना पटतं, पण घमेलं उचललं की नजर मागोमाग जातेच.

लावताना दोन बोटं मातीखाली, हातभर अंतरावर, पुरे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. खळग्यात लावलात तर कंद कुजलाच म्हणून समजा. पागोळीखालीही नको, माती धुपून कंद उघडा पडतो. कर्दळीचं तंत्र साधारण हेच. अळवाला काही सांगावं लागत नाही, ते आपणहून पसरतं.

उरलेले तुकडे मी रस्त्याकडेच्या गडग्यावर ठेवते. देते म्हटलं तर कुणी घेत नाही, कारण मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, यावर आमच्या वाडीत एकमत आहे. हिमालयाच्या पायथ्याकडचं हे झाड आज क्युबाचं राष्ट्रीय फूल होऊन बसलंय. तिथवर पोचेपर्यंत किती गडग्यांवरून उचललं गेलं असेल कोण जाणे! शेजारच्या काकू तर मी अंगणात असेपर्यंत वाटेवर उगाच रेंगाळतात. मी आत वळले की पिशवी भरते.

नवरात्रात देवळात त्यांच्या अंबाड्यावर सोनटक्का होता. माझ्यापेक्षा आधी फुललेला.

"काकू, छान फुललाय हो. कुठला?"

"माहेरचा," काकू म्हणाल्या, आणि दोन फुलं काढून माझ्या हातावर ठेवली.