गवताचं काम

शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक तरी मुलगा झाड असायचाच. पुठ्ठ्याचा बुंधा, चेहऱ्यापुरतं भोक, मागून घट्ट बांधलेली नाडी आणि बाईंची एकच सूचना: हलायचं नाही. पडदा उघडला की नाकाला खाज सुटायची ती नेमकी त्यालाच. आई कौतुकाने बोट दाखवायची, शेजारच्या काकू विचारायच्या, "कुठला गं? राजा?" "नाही हो, राजाच्या मागचं झाड."

'द लायन किंग'मध्ये हेच काम उलटं होतं. तिथे गवताला हलावं लागतं.

हे संगीतनाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १३ नोव्हेंबर १९९७ ला सुरू झालं, २००६ मध्ये तिथल्याच मिन्स्कॉफ थिएटरात गेलं. लंडनच्या लायसियम थिएटरात १९९९ पासून आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरात आई-बाबा पहिल्यांदा आले की नायगऱ्यानंतर 'एक ब्रॉडवे' ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा हेच. गोष्ट डिस्नेच्या सिनेमातून आधीच माहीत, गाण्यातला शब्द निसटला तरी बिघडत नाही. सुरुवातीची प्राण्यांची मिरवणूक प्रेक्षकांमधून जाते तेव्हा सगळे माना वळवून हत्ती बघतात. बघावाच. पण त्यानंतर गवत येतं, चालत येतं, आणि तेव्हा निम्मं थिएटर अजून हत्तीबद्दलच कुजबुजत असतं.

प्रत्येकाच्या डोक्यावर सपाट चौकोनी फळी, फळीवर उभं गवत. फळीखाली माणसाचा चेहरा उघडा. लपवाछपवी नाही. दिग्दर्शन आणि वेशभूषा दोन्ही करणाऱ्या ज्युली टेमोर याला 'डबल इव्हेंट' म्हणतात: प्राणी दिसला पाहिजे आणि तो करणारा माणूसही, एकाच वेळी. त्यामुळे इथे मुखवटेसुद्धा बहुतेक चेहऱ्यावर नसतात, चेहऱ्याच्या वर असतात.

डोक्यावर फळी आली की मान गेली. खाली बघायचं तर नुसत्या डोळ्यांनी. गुडघे सैल ठेवायचे, नाहीतर टाच टेकल्याचा हिसका थेट पात्यांपर्यंत जातो आणि माळरानाला उचकी लागल्यासारखं दिसतं. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की हंडा डुचमळला नाही तर बरं, आणि गवत डुललं नाही तर ते मेलेलं. म्हणजे तोल हंड्याचा सांभाळायचा आणि वारा कमरेतून आणायचा. शिवाय फळी चौकोनी. एक जण जरा जास्त वळला की कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत. दोघांमधलं अंतर पाऊलभर वाढलं तर पहिल्या रांगेला काहीच कळत नाही, वरच्या मजल्यावरून मात्र गवताला टक्कल पडलेलं स्पष्ट दिसतं.

म्हणूनच गवत बघायला वरच्या मजल्याच्या पुढच्या रांगा उत्तम. खालून चेहरे दिसतात, वरून माळरान दिसतं. मिरवणुकीसाठी मात्र खाली, वाटेकडेची खुर्ची. दोन्ही हवं असेल तर दोन तिकिटं, आणि ब्रॉडवेची तिकिटं बघता हा सल्ला कुणी मनावर घेऊ नये.

हरणं मोजायची सोपी रीत आहे. एक नर्तक म्हणजे तीन हरणं: एक डोक्यावर, दोन हातांवर. पाच नर्तक, पंधरा हरणं. पाय एकदाच उडतात, हातांनी मात्र वेगवेगळ्या क्षणी कमान काढायची असते. पाय टेकताना दोन्ही हातही खाली आले की कळप जातो आणि डंबेल्सचा व्यायाम उरतो. शिवाय हरणांचं एक चाक आहे. सायकलसारखी चाकं लावलेला सांगाडा एकच माणूस ढकलत नेतो, चाकं फिरतात तशी वरची हरणं उड्या मारतात. इतकी साधी युक्ती की आपल्या जत्रेतल्या खेळणीवाल्याला बघताक्षणी जमावी.

मिरवणुकीतले जिराफ सुमारे १४ फुटी. माणूस पुढे ओणवा, पायांना दोन काठ्या, हातांना दोन, डोक्यावरून वर गेलेली मान. स्वतःच्या स्वतः चढता येत नाही, शिडी लागते. मधे कोसळला तर एकट्याने उठता यायचं नाही, म्हणून तो ज्या राजेशाही सावकाशीने चालतो तिच्यात निम्मी ऐट आणि निम्मी काळजी असावी.

कार्यक्रमपत्रिकेत ही कामं नावानिशी छापतात. चित्ता कोण, हरणांचं चाक कुणाकडे, जिराफ कोण, अगदी 'वारुळाची बाई' कोण तेही. पुठ्ठ्याच्या झाडाच्या आईने ही पत्रिका कपाटात जपून ठेवली असती.

माणसांनीच नेपथ्य व्हायचं हे आपल्याला नवं नाही. 'घाशीराम कोतवाल'मधल्या ब्राह्मणांच्या रांगेने १९७२ सालीच पडदा होऊन दाखवला, तोही डोक्यावर कुरण न वागवता. पण ती रांग बघायलाच लोक जात. गवत बघायला कुणी जात नाही. सिंह आला की नजर सिंहाकडे, आणि ते ठीकच आहे. गवतही त्यासाठीच उभं असतं. दुसऱ्यांदा गेलात तर मात्र राजाकडे ठरवून पाठ फिरवा आणि गवतातला एकच माणूस पकडा. चेहऱ्यावर जाऊ नका, रंगरंगोटीत चेहरा हरवतो, चाल धरा. थोड्या वेळाने तीच चाल तरसात भेटते. मग वाइल्डबीस्ट प्राण्यांच्या लोंढ्यात, मग जंगलातल्या पानांत.

मध्यंतरानंतर रंगीबेरंगी पक्ष्यांचे पतंग काठ्यांवर भिरभिरत येतात. समूहगान टिपेला असतं, लोक टाळ्यांचा ताल धरतात. आणि बघता बघता पतंगांच्या जागी गिधाडं येतात, हरणांच्या जागी हरणांचे सापळे. तोवर टाळ्या थांबलेल्या असतात. मघाचं गवत कुठेच नसतं. गवत झालेली माणसं मात्र तिथेच असतात, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातात ते गिधाड असतं.