फतेहसागरच्या पाळीवरून सूर्याच्या पोटात

उदयपूरचे राजवाडे, हवेल्या, पिचोला हे सगळं यथासांग झालं. लिहायचंय ते फतेहसागर तलावाबद्दल. पाळीवरची गर्दी कोल्ड कॉफी पीत पाण्यातल्या पांढऱ्या घुमटाचे फोटो काढते. नाववाला ‘सोलर ऑब्झर्वेटरी’ एवढंच म्हणून नेहरू पार्ककडे वळतो. एवढ्या मोलाच्या जागेची ओळख दोन शब्दांत आटपते, हे मला फार लागलं.

वेधशाळा बेटावर का? ऊन चढलं की जमीन तापते, वरची हवा हलते आणि दुर्बिणीत सूर्याची कड थरथरते. दुपारी डांबरी रस्त्यावर दिसतं तेच. पाणी सावकाश तापतं, म्हणून इथली हवा शांत राहते. सौरशास्त्रज्ञ अरविंद भटनागर यांनी १९७५ मध्ये ही वेधशाळा उभारली ती कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावातल्या वेधशाळेच्या धर्तीवर. आता इथे ५० सेंमीची मास्ट दुर्बीण आहे.

सूर्याच्या आतलं मात्र कळतं ते उदयपूरच्या दुसऱ्याच, दिसायला अगदी साध्या उपकरणातून. ‘गाँग’ या जगभर पसरलेल्या सहा वेधकेंद्रांच्या जाळ्याचं हे उपकरण मालवाहू कंटेनरमध्ये बसवलेलं असतं. आरसे ऊन आत घेतात, गाळणी सूर्यप्रकाशातली निकेलची ठरावीक रंगाची रेषा (६७६८ अँगस्ट्रॉम) वेगळी काढते आणि व्यतिकरणमापक, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून मोजणारं यंत्र, दर मिनिटाला पृष्ठभागाच्या वेगाचा नकाशा देतो. सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरी पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालावर वरखाली करतात. यातलं प्रत्येक कंपन म्हणजे एक सूर, आणि एकेका सुराने पृष्ठभाग हलतो तो सेकंदाला जेमतेम २० सेंमी वेगाने. आणि सूर्याची कड नुसत्या फिरण्यानेच सेकंदाला २ किमी धावत असते!

हे सूर वेगळे काढायचे तर खंड चालत नाही. एकाच ठिकाणाहून मोजलं तर रोज रात्री माप तुटतं, आणि प्रत्येक खऱ्या सुराच्या दोन्ही बाजूंना ११.५७ मायक्रोहर्ट्झवर (मायक्रोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एका कंपनाचा दहा लाखावा भाग) खोटे सूर उभे राहतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्याचाच हा व्यस्त. सूर्याच्या फिरण्याने एकेका सुराची जवळजवळच्या सुरांत जी फाटाफूट होते ती साधारण ०.४ मायक्रोहर्ट्झची. ती दिसायला ३६ दिवसांची सलग मालिका लागते, म्हणून गाँगचा ‘महिना’ ३६ दिवसांचा! बिग बेअर, मौना लोआ, लिअरमंथ, उदयपूर, तेइदे, सेरो तोलोलो अशी जगभरची सहा ठिकाणं त्यासाठीच निवडली, म्हणजे कुठे ना कुठे ऊन असतंच. ऑक्टोबर १९९५ पासून हे जाळं पूर्णपणे चालू झालं.

त्यातून काय मिळालं? सूर्याचं विषुववृत्ताजवळ २५ दिवसांत आणि ध्रुवांकडे सुमारे ३५ दिवसांत फिरणं, हा फरक केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ०.७१ अंतरापर्यंत आत टिकतो. त्याखाली मात्र सूर्य जवळपास एकसंध फिरतो. या दोहोंमधल्या पातळ थरात चुंबकीय क्षेत्र ताणलं जात असावं, असं पुष्कळांना वाटतं. सूर्यावरच्या डागांचं चक्र शिगेला पोचलं की ३००० मायक्रोहर्ट्झजवळचे सूर ०.४ मायक्रोहर्ट्झनं चढतात. सूर्याच्या पलीकडच्या बाजूचे मोठे सक्रिय (तीव्र चुंबकीय) प्रदेशही हेरता येतात, कारण तिथून परतणाऱ्या लहरी काही सेकंद लवकर पोचतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी याच कंपनांवरून सूर्याच्या गाभ्याचं तापमान काढलं. गाभ्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे कण अपेक्षेपेक्षा कमी सापडतात त्याचा दोष सूर्याच्या प्रतिमानाचा (गणिती चित्राचा) नाही, न्यूट्रिनोचा आहे, हे त्यामुळे बळावलं.

जायचं तर थंडीत जा. बेटावर परवानगीशिवाय जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात फतेहसागर भरतो आणि फार देखणा दिसतो, पण ढगांमुळे उदयपूरचं माप आठवडेच्या आठवडे बुडतं. मग ऑस्ट्रेलियातलं लिअरमंथ आणि तेनेरिफेवरचं तेइदे यांना एकमेकांना गाठावं लागतं. दोघांच्या मध्यान्हांत सुमारे पावणेनऊ तासांचं अंतर. कशीबशी गाठ पडते, पण तेव्हा सूर्य दोन्हीकडे बराच खाली असतो आणि त्यात तिथे एक ढग आला की साखळी तुटते.