आमची वाटचाल: मेंढीकोटच्या सूचनांची वही

आमची कंपनी सांगलीतली, पाच जणांची. मूळ काम दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर. मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि बदाम सात या तीन खेळांचं ॲप आधी जोडधंदा होता, आता तोच मुख्य धंदा आहे. पत्त्यांचं ॲप बनवणं फार अवघड नाही. ते चालवताना खरं काम पडतं ते खेळाडूंच्या सूचनांचं, कारण मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला मेंढीकोटचे नियम पाठ असतात आणि प्रत्येकाचे वेगळे असतात.

सुरुवातीला सूचना चार वाटांनी यायच्या: प्ले स्टोअरवरचे अभिप्राय, व्हॉट्सॲप ग्रुप, ईमेल आणि इन्स्टाग्रामचे मेसेज. यात ग्रुप सगळ्यात बोलका आणि कामासाठी सगळ्यात गैरसोयीचा. नव्या सदस्याला जुने मेसेज दिसत नसत, त्यामुळे तीच मागणी दर आठवड्याला नव्याने येई. शिवाय दोन गुड मॉर्निंग आणि एक वाढदिवस मध्ये आला की चर्चेचा धागा गेलाच. म्हणून आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर फोरम चॅनल उघडलं. तिथे एक सूचना म्हणजे एक पोस्ट, आणि खाली फक्त तिच्यावरची चर्चा. अशा चॅनलला जास्तीत जास्त 20 टॅग ठेवता येतात आणि एका पोस्टला 5 लावता येतात. आम्ही मुद्दाम नऊच ठेवले: तीन खेळांची नावं, सूचनेचे तीन प्रकार आणि तीन स्थिती. टॅग निवडल्याशिवाय पोस्ट होणार नाही, ही सेटिंग चालू ठेवावी. नाहीतर वर्गवारी आपल्याच गळ्यात पडते.

पण निवृत्त मंडळी डिस्कॉर्डवर येत नाहीत आणि आमचे निम्म्याहून जास्त नेमाने खेळणारे तेच. त्यांना तिकडे ओढण्यात अर्थ नाही. ग्रुप तसाच ठेवला आणि तिथली सूचना उचलून वहीत टाकायचं काम एका माणसाकडे दिलं. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

वही म्हणजे साधी गुगल शीट. रकाने असे: क्रमांक, तारीख, कुठून आली, खेळाडूचे मूळ शब्द, डावात काय घडलं, कोणता खेळ, ॲपची आवृत्ती, शोधशब्द, मूळ सूचनेचा क्रमांक, स्थिती, उत्तर. यातले दोन रकाने अजिबात गाळू नयेत. एक, मूळ शब्द. आपण सारांश लिहिला की त्यात आपलं मत मिसळतं आणि सहा महिन्यांनी तो माणूस नेमकं काय म्हणत होता हे कळायला मार्ग उरत नाही. दुसरा, शोधशब्द. आमचे खेळाडू हुकूम, हुकुम आणि रोमन लिपीत तोच शब्द चार प्रकारे लिहितात. मेंढीकोटचं मेंडीकोट आणि मिंडीकोटही होतं. मूळ मजकुरात शोधलं तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीला ठरलेल्या शुद्धलेखनातले दोन-तीन शब्द हाताने लावायचे.

‘डावात काय घडलं’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. खेळाडू उपाय सांगतो, अडचण सांगत नाही. ‘वेळ वाढवा, 15 सेकंदांचे 30 करा’ ही मागणी बघा. ती करणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: शेवटचा वेळ संपला तेव्हा काय चाललं होतं? तीन वेगळी उत्तरं आली. कोणाला फोन आला होता. कोणाचं नेटवर्क गेलं होतं. आणि बऱ्याच जणांचं घड्याळ आधीचा हात उचलला जात असतानाच सुरू होत होतं, म्हणजे पान निवडायला मिळतच नव्हतं. पहिल्या दोघांना 30 सेकंद पुरणार नाहीत, तिसऱ्यांना लागणार नाहीत. घड्याळ हात उचलून झाल्यावर सुरू केलं, नेटवर्क परत आलं की डावात परत घेण्याची सोय केली, आणि 15 सेकंद तसेच ठेवले. वहीत ही एक नोंद न राहता तीन झाल्या. सूचना एकत्र करताना हेच बघायचं: मागणी सारखी असून चालत नाही, प्रसंग सारखा हवा.

प्रकार तीन: बिघाड, सूचना आणि नियमभेद. बाकी खेळांना कदाचित पहिले दोन पुरतील, पत्त्यांना तिसरा लागतोच. ‘तुमचं ॲप चुकीचं आहे, हुकूम न बोलताच डाव सुरू होतो’ अशी तक्रार बिघाड म्हणून येते. खेळणारा बंद हुकूमवाला असतो. त्याच्या घरी एक जण पान पालथं ठेवतो आणि रंग नसलेल्या गड्याने मागितलं की ते उघडतात. ॲपवर कट हुकूम चालू असतो: उतरीच्या (हातातल्या पहिल्या पानाच्या) रंगाचं पान ज्याच्याकडे नाही, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. दोन्ही बरोबर. वाटप पाच-चार-चार की एकेक पान, दोन-दोन मेंढ्या (म्हणजे दश्श्या) झाल्या तर सात हातवाला जिंकतो की डाव पुन्हा, तेराच्या तेरा हात केल्यावर किती कोट (मोठे विजय) धरायचे, असे वाद अनंत आहेत. त्यांच्यावर निवाडा करायला बसलो असतो तर ग्रुपमध्ये सातारा विरुद्ध जळगाव अशी लढाई लागली असती.

त्यामुळे नियमभेदाला ‘घेतली’ किंवा ‘नाही’ असं उत्तरच द्यायचं नाही. त्याची नोंद ‘घरचे नियम’ या वेगळ्या पानावर होते: नियम काय, कोणत्या भागातून आला, किती वेगवेगळ्या ठिकाणांहून आला. पुरेशा ठिकाणांहून आला तर खासगी टेबलावर बटण म्हणून देतो. इथेही हात आखडता हवा. पाच बटणं म्हणजे 32 प्रकारचे डाव, सहा म्हणजे 64, आणि बॉटला, म्हणजे ॲपच्या यांत्रिक गड्याला, ते सगळे खेळता आले पाहिजेत, आपल्याला तपासता आले पाहिजेत. आम्ही पाचवर थांबलो आहोत. सहावं हवं तर एक काढायचं. सार्वजनिक टेबलावर बटण एकही नाही. तिथे निवड दिली की खेळाडू वाटले जातात आणि रात्री अकरानंतर चौथा गडी मिळत नाही.

‘पत्ते फिक्स आहेत’ ही तक्रार कायमची. ही सूचना नव्हे म्हणून सोडून देणारे बरेच ॲपवाले आहेत, माझ्या मते ते चूक करतात, कारण याच रागातून एक तारा पडतो. उत्तर आकड्यांत तयार ठेवावं. 52 पानांत 4 दश्श्या आणि तुमच्या हाती 13 पानं. एकही दश्शी न येण्याची शक्यता 30 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा डावांत साधारण तीन. सलग तीन डाव कोरडे जाणं हे साधारण 36 वेळांत एकदा होणारच. चारही दश्श्या तुमच्याच हाती येणं मात्र साधारण 379 डावांत एकदा. मग घरी असं का वाटत नाही? घरी हात उचलताना चार-चार पानं एका रंगाची एकत्र येतात, वरवर पिसली जातात आणि पाच-चार-चारने वाटली की तोच गठ्ठा एकाच्या हाती जातो. लांब रंग येतात, डाव रंगतो. गड्डीचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसायची तर 52 पानं नीट मिसळायला सातेक वेळा पिसावं लागतं, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये दाखवलं. बैठकीत एवढं कोण पिसतं! फिशर-येट्स पद्धतीने, म्हणजे पानांचा कुठलाही क्रम सारख्याच शक्यतेने यावा असा पिसलेला आमचा डाव म्हणूनच अनेकांना विचित्र वाटतो. हे सगळं फोरमच्या माथ्यावर पिन केलेलं आहे. प्ले स्टोअरवर उत्तराला 350 अक्षरांचीच मर्यादा आहे, तिथे फक्त 30 टक्क्यांचं वाक्य द्यायचं.

मतदानाबद्दल आमचं मत थंड आहे. ओल्ड स्कूल रनस्केप हा 2013 पासूनचा खेळ नवी भर खेळाडूंच्या मतांवर घालतो. आधी 75 टक्के होकार लागे, 2022 मध्ये ते 70 वर आणलं. पण तिथे मताला टाकला जातो तो कंपनीने पूर्ण लिहून काढलेला प्रस्ताव, कच्ची सूचना नाही. कच्च्या सूचनेवर अंगठे मोजले की जुनी पोस्ट नेहमी पुढे राहते, आणि जे कंटाळून गेले त्यांचा अंगठा कधीच दिसत नाही. आम्ही अंगठे बघतो, क्रम मात्र वेगवेगळे प्रसंग किती यावर लावतो.

स्थिती तीनच: तपासणीत, झाली, नाही. ‘विचाराधीन’ ठेवली की सगळं तिथेच साठतं. ‘नाही’ला एका वाक्यात कारण हवंच. जोडीदाराशी खुल्या गप्पांची सोय नाही, कारण त्यातून खुणा होतात. ठरलेली सहा वाक्यं दिली आहेत. पैशांवर टेबल नाही, कारण 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आहे. अशा नकारांची यादी जाहीर ठेवली की त्या मागण्या फिरून येणं बरंच कमी होतं.

सोमवारी सकाळी दोघं बसून आठवड्याच्या नोंदी लावतात. नवी आवृत्ती निघण्याआधी ती मूळ सूचना देणाऱ्यांना चाचणीसाठी पाठवतो आणि ‘आवडली का’ असं विचारत नाही. ‘तो प्रसंग पुन्हा घडला का’ एवढंच विचारतो. ‘नाही घडला’ असं उत्तर आलं की मगच वहीत ‘झाली’ लिहायचं, आणि अपडेटच्या टिपेत सूचनेचा क्रमांक द्यायचा.