करड्या चौकोनाचा निकाल लागला

काल रात्री सभागृहातले सगळे दिवे घालवले, प्रोजेक्टर चालूच ठेवला, आणि रंगमंचावर काहीही दिसलं नाही. काहीही नाही! तीन आठवडे मी या काळोखाच्या मागे होते. म्हणून आज पहाटे उठून आधी ही नोंद लिहायला बसले आहे, बाकीची कामं नंतर.

मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना करडा चौकोन आठवत असेल. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: फोंड्याच्या शाळेचं फेरीबोटीवरचं संगीत नाटक, प्रयोग १८ डिसेंबरला, मुक्तिदिनाच्या आदल्या संध्याकाळी. स्थळ १९६१ मधली पणजी, बेतीच्या फेरीच्या धक्क्याजवळचा रस्ता. पोदेर (पाव भाजणारा), शिंपी, न्हावी आणि औषधवाला अशी चार दुकानं. पहिल्या अंकात दुकानांवर प्रोजेक्टरने फेकलेल्या पोर्तुगीज पाट्या, आणि दुसऱ्या अंकातल्या मोठ्या गाण्यात त्याच पाट्या लोकांच्या डोळ्यांदेखत देवनागरी होतात. पाट्या फळीवर रंगवून का टाकत नाही, असं मला तिघांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर हे गाणं आहे. फळ्या उलटवायला चार मुलं आत-बाहेर करू लागली की गाणं बाजूला राहतं आणि लोक फळ्याच बघतात.

तर चौकोन. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त प्रकाश अडवतो, आणि तोही पुरता नाही. आमच्याकडचा ३३०० ल्युमेनचा साधा एलसीडी आहे. चार दुकानं एका चित्रात बसवायची म्हणून चित्र साडेचार मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच. म्हणजे पूर्ण पांढऱ्याला भिंतीवर साधारण २६० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) पडतात. अशा यंत्राचं खरं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, पाचशेला एक धरा, तर 'काळ्या'ला अर्धा लक्स उरतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. ब्लॅकआउटमध्ये प्रेक्षकांचे डोळे अंधाराला सरावले की आमच्या रस्त्यावर चांदण्याच्या दुप्पट उजेडाचा एक चौकोन तरंगायचा. आमचे मेस्त, म्हणजे सुतार, फ्लॅटला (नेपथ्याच्या रंगवलेल्या भिंतीला) टेकू ठोकत होते, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हें काळें न्हय." बस, त्या तीन शब्दांनी माझी झोप गेली.

खोक्यावर पंधरा हजाराला एक असं कॉन्ट्रास्ट छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा यंत्रातली झडप बंद करून मिळवलेला असतो. पूर्ण काळं चित्र असलं की झडप मिटते आणि अंधार बरा होतो. पण एका कोपऱ्यात पोदेराची पाटी लागली की झडप उघडते आणि सगळा चौकोन परत उजळतो. शिवाय झडप मिटायला-उघडायला वेळ घेते, त्यामुळे पाटी आधी मंद दिसते आणि मग डोळे उघडल्यासारखी प्रखर होते. मी ती सोयच बंद करून ठेवली आहे.

कीस्टोनचाही (तिरकं चित्र सरळ करायच्या सोयीचाही) मोह टाळा. आमचा प्रोजेक्टर समोरच्या तुळईवर, बराच उंच आहे. मुलांच्या सावल्या पाट्यांवर पडू नयेत म्हणून. त्यामुळे चित्र खाली पसरट होतं. मेन्यूतून कीस्टोन लावला की चित्र सरळ होतं, पण करडा चौकोन तेवढाच राहतो, कारण कापलेल्या भागातूनही प्रकाश गळतच असतो. शिवाय अक्षरांच्या कडा दातेरी होतात. साडेचार मीटरला १२८० ठिपके, म्हणजे एक ठिपका साडेतीन मिलिमीटरचा. सव्वा मीटरच्या पाटीला जेमतेम साडेतीनशे ठिपके मिळतात, त्यातले आणखी वाया घालवायची आपली ऐपत नाही. मी कीस्टोन शून्यावर ठेवते आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्येच पाटीचे चार कोपरे ओढून फ्लॅटवरच्या पाटीशी जुळवते. प्रोजेक्टरवर तोच पडदा दिसत असतो, उंदीर हलवला की भिंतीवरचा कोपरा हलतो. नववीतल्या दोन मुली फ्लॅटजवळ उभ्या राहून "मावशी, थोडं वर, अजून अर्धा इंच" असं सांगतात. चार पाट्यांना पाऊण तास लागतो. याच कामासाठीचं मॅपमॅप हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मला आवडतं, पण शाळेच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही. जुळवलेली चित्रं इम्प्रेसच्या स्लाइडांमध्ये टाकायची आणि क्लिकरने पुढे जायचं, हे त्या लॅपटॉपला सहज जमतं. मजकूर चित्र करूनच न्यायचा हे मागे लिहिलंच आहे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी कुठे जाऊन बसते ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

चौकोनावर आधी पुठ्ठ्याचा मुखवटा करून पाहिला. भिंगापुढे काळा पुठ्ठा, त्यात चार खिडक्या. भिंगाला चिकटून धरला तर कडा इतक्या धूसर की खिडकी आहे हेच कळेना. चाळीस सेंटिमीटर पुढे नेला तेव्हा कडा सुधारल्या, पण तुळईवर तेवढं पुढे काही टांगायचं तर पुठ्ठा पंख्याच्या वाऱ्याने डुलतो. डुलला की चारही पाट्यांचा एकेक काठ खाल्ला जातो. दोन संध्याकाळी गेल्या. मुखवट्याचा नाद सोडला.

त्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली, आणि तिचा मला फार आनंद आहे. ब्लॅकआउटपुरती झडप! पुठ्ठ्याचा एक तुकडा भिंगासमोर बिजागरीवर, त्याला मासे धरायची गळाची दोरी, ती तुळईवरून विंगेत. दोरी ओढली की पुठ्ठा वर, सोडली की खाली. पारदर्शक असल्याने दोरी दिसत नाही, आवाज नाही, वीज नाही. दोरी ओढणारा सातवीतला मुलगा तालाला इतका पक्का आहे की तबल्याच्या तिहाईवर बरोबर सोडतो. हवा बाहेर टाकायच्या जाळीसमोर पुठ्ठा येऊ देऊ नका, तेवढी काळजी घ्या.

पण झडपेने फक्त पूर्ण अंधाराचा प्रश्न सुटतो. गाण्यात पाट्या लागलेल्या असतात, तेव्हा दोन पाट्यांमधली भिंत करडीच. तिथे मी अडले होते.

रविवारी पणजीला गेले होते, काम वेगळंच होतं. ते आटोपून मळ्यातून फोंतेन्हासच्या गल्लीत शिरले. त्या घरांचे रंग आपण लहानपणापासून बघतो, पिवळा, निळा, तांबडा. त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष रंगाकडे न जाता पांढऱ्याकडे गेलं. दारा-खिडक्यांभोवती पांढरी पट्टी, कोपऱ्यांना पांढरी पट्टी. एका तांबड्या घराच्या दारावरचा पांढरा पट्टा थेट माझ्या पाटीच्या मापाचा! मी तिथेच थांबून वहीत काढला. भिंत गडद, पट्टा पांढरा. प्रकाश गडद भिंतीवर गळाला तर भिंत तो गिळेल, आणि पट्ट्यावर पडला तर पट्टा तो परत देईल. शिवाय पाटी लागलेली नसताना तो पट्टा कोरी पाटी दिसत नाही, गोव्याच्या घराचा पट्टाच दिसतो. आपल्या देवळांतल्या कावी चित्रांतही हीच जोडी आहे, पांढरा चुना आणि तांबडी काव. इतके दिवस मी यंत्रात उत्तर शोधत होते आणि ते रंगाच्या डब्यात होतं.

माझी चूक फ्लॅटच्या रंगात होती. सगळा रस्ता मी फिक्या पिवळ्यात रंगवला होता, उजेडात छान दिसतो म्हणून. सोमवारी आणि मंगळवारी तो पुसून काढला. आता चिऱ्याचा गडद तांबडा आहे: काव, त्यात थोडा काळा ऑक्साइड, डिस्टेंपरमध्ये कालवून. डिस्टेंपरच घ्या. दुकानदार प्लास्टिक इमल्शन गळ्यात मारतील, धुता येतं म्हणून. नाटकाचा फ्लॅट कोण धुतो? इमल्शनला जी किंचित चकाकी असते तीच प्रोजेक्टरचा गळका उजेड पकडते. आम्ही हातभर तुकड्यावर दोन्ही लावून शेजारी शेजारी धरले, फरक शेवटच्या रांगेतून दिसला. पट्टेही शुभ्र ठेवलेले नाहीत. पांढऱ्यात चिमूटभर काळा घातला, नाहीतर रंगमंचावरच्या दिव्यांत ते पात्रांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त उठतात. काल रात्री चारही पाट्या लावल्या, एक पार दिवा मंद ठेवला, आणि दोन पाट्यांच्या मधे नुसती भिंत होती. मेस्तांना बोलावून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

बाबूराव पेंटर सिनेमात जाण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या काळच्या पडद्यांचे रंग जवळून पाहिले की वाटायचं, इतके गडद कशाला? आता पटतं. उजेड कुठून आणि किती येणार हे ठरल्याशिवाय रंग ठरवताच येत नाही.

थोडं इतर सामानाविषयी. मांजरपाट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणला, मालाबद्दल तक्रार नाही. खळीत मोरचूद घातला होता म्हणून ऑक्टोबरच्या पावसात एकाही फ्लॅटला बुरशी धरली नाही. ज्यांनी मागच्या वर्षी बुरशीचे फोटो पाठवले होते त्यांनी हे कराच. एका दुकानातून वीस मीटरची एचडीएमआय केबल घेतली, ती दहा मिनिटांनी चित्र सोडते. परत करायला गेले तर घेतली नाही. वीस मीटरला नुसती तांब्याची स्वस्त केबल नकोच, नेटवर्कच्या तारेवरून सिग्नल नेणाऱ्या दोन डब्या लावल्या आणि प्रश्न मिटला. प्लाय सांगितला बारा मिलिमीटर आणि निघाला दहा. फूटपट्टी घेऊन जात जा.

अक्षरं मी फॉन्टने करणार नाही, हे ठरलं. मुक्ता वाचायला उत्तम आहे, पण १९६१ च्या भिंतीवर ती शोभत नाही. ब्रशने कागदावर लिहून स्कॅन केली आहेत. पोदेराच्या भावफलकावर पहिल्या अंकात एस्कुदो आहेत, दुसऱ्या अंकात रुपये आणि 'नये पैसे'. 'नये' कशाला, असं मुलांनी विचारलं. तेव्हा नाण्यावर तसंच लिहिलेलं असायचं, १९६४ पर्यंत. हे सांगितल्यावर एकीने घरातून आजोबांच्या डब्यातलं नाणंच आणलं, आणि आता ते हातात घेऊन एक अख्खं कडवं म्हटलं जातं.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं आहे आणि आता बेत बदलतोय. आतापर्यंत ठरलं होतं की जुनी पाटी विरत जाईल आणि नवी उमटेल. पण एक मुलगा पेंटर होऊन पट्ट्यासमोर उभा राहिला तर? आधी 'पादारिया' ही रोमन लिपीतली पाटी चुन्याच्या ब्रशने पुसेल, मग 'बेकरी' लिहील, आणि ब्रश फिरेल तसं अक्षर उमटेल. सलग व्हिडिओ चालणार नाही, कारण आमचे सर पेटीवर लय मुलांच्या दमाप्रमाणे कमी-जास्त करतात. पण ब्रशच्या एकेका फटकाऱ्याचं वेगळं चित्र केलं तर क्लिकर त्यांच्या मागून जाऊ शकतो. म्हापशातल्या एका जुन्या पेंटरकाकांना मी मागे लिहिताना पाहिलं होतं: ते आधी शिरोरेषेशिवाय अक्षरं लिहितात, मग एका दमात शिरोरेषा ओढतात, आणि मात्रा-वेलांट्या अगदी शेवटी देतात. म्हणजे ब, क आणि काना-दंडासह र, तीन क्लिक. शिरोरेषा समेवर! मग बे ची मात्रा आणि री ची वेलांटी पुढच्या दोन टाळ्यांना. केरव्यात हे बसतं, मी आत्ताच टेबलावर हाताने ताल धरून पाहिलं.

अडचण त्याच्या सावलीची. प्रोजेक्टर आत्ता मध्यावर आहे, त्यामुळे सावली बरोबर त्याच्या समोर, लिहिलेल्या अक्षरांवर पडेल. तो तुळईवर डावीकडे दीड मीटर सरकवला तर सावली उजवीकडे, अजून न लिहिलेल्या भागावर जाईल. शिडीऐवजी वर्गातला लांब बाक दिला की तो लिहीत लिहीत उजवीकडे चालू शकेल. शिरोरेषेच्या वेळी परत डाव्या टोकाला यावं लागेल, तेव्हा अक्षरं क्षणभर झाकली जातील. पण तो रेषा ओढत पुढे सरकेल तशी मागची अक्षरं एकेक करून उजळत जातील.

यासाठी चारही पाट्यांचे कोपरे पुन्हा जुळवायला लागणार, झडपेची दोरी नव्याने ओवायला लागणार, आणि डावीकडची तुळई प्रोजेक्टरचं वजन घेईल का ते मेस्तांना विचारायला हवं. आज संध्याकाळी सहानंतर, अंधार पडला की सुरुवात करते. पेंटरच्या भूमिकेसाठी डावखुरा मुलगा मिळाला तर सावली आणखी कमी होईल का, हे कोणी करून पाहिलं असेल तर आजच कळवा.