आमची वाटचाल : किट बदलण्यापासून कॅलिपर बांधण्यापर्यंत

नाशिकच्या सातपूरला काम सुरू केलं तेव्हा कॅलिपर (पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रिपेअर करणं म्हणजे आमच्या लेखी किट बदलणं. पिस्टन काढा, जुना सील नि डस्ट बूट (धूळ अडवणारं रबरी आवरण) टाकून द्या, नवे घाला, गाडी सोडा. त्यातल्या काही गाड्या पावसाळा सरला की परत यायच्या. चाक जड, एकच पॅड झिजलेलं, डिस्क तापून निळी पडलेली. पुढे काय शिकायचं ते या परत आलेल्या गाड्यांनीच ठरवलं.

पहिली चूक खाचेत सापडली. सील पिस्टनवर नसतो, बोअरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकाच्या) खाचेत बसतो. ब्रेक दाबला की हा चौकोनी काठाचा रबर पिस्टनबरोबर किंचित पिळतो आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतो. मागे घेणारी स्प्रिंग तिथे नसतेच. खाचेच्या तळाशी गंज साचला की सील वर उचलला जातो आणि पिस्टनला आवळून धरतो. वरून कितीही नवं किट घाला, फरक शून्य. म्हणून आता सगळ्यात जास्त वेळ खाच साफ करण्यात जातो, तोही बांबूच्या काडीने आणि पितळी ब्रशने. स्क्रू-ड्रायव्हरचा एक ओरखडा पडला की तिथूनच गळती. बोअरच्या भिंतीवरचे हलके डाग चालतात. पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर मात्र घासत बसायचं नाही, पिस्टन बदलायचा.

दुसरी चूक गाईड पिनची, म्हणजे कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनची. आतलं पॅड संपलेलं आणि बाहेरचं जाड असेल, तर बहुतेक वेळा पिन जाम असते. कॅलिपर सरकत नाही, मग सगळा दाब पिस्टनकडच्या पॅडवर. पिनला सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतो.

तिसरी गोष्ट उशिरा कळली, म्हणून आता सगळ्यात आधी तपासतो. चाक जाम असतानाच ब्लीडर निप्पल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) थोडं सैल करायचं. चाक मोकळं झालं तर दाब वरच्या लाइनमध्ये अडकलाय, आणि पहिला संशय आतून फुगलेल्या होजचा, म्हणजे कॅलिपरला येणाऱ्या रबरी नळीचा. तरीही जामच राहिलं, तर कॅलिपर खोला.

घरी करणाऱ्यांना आम्ही किट देतो, सोबत एवढं सांगतो. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. होज सोडायच्या आधीच पेडल हळूहळू दाबून पिस्टन बराचसा बाहेर आणा. हवेने काढायचाच तर लाकडी ठोकळा मध्ये धरा, दाब कमी ठेवा, बोटं लांब. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा आणि पिस्टन हातानेच ढकला. तिरका अडला तर बाहेर काढून पुन्हा घाला. हातोडी नको. बेंजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दरवेळी नवे.

हँडब्रेक ज्यात आहे ते मागचे कॅलिपर मात्र घरी खोलू नका. त्यांतले बरेच पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. दाबून बसवले तर आतला स्क्रू बिघडतो.

ब्रेक ऑइल हे नावच घात करतं. ते तेल नाही, ग्लायकॉल आहे. इंजिन ऑइलचा थेंबही आतले सील फुगवतो. धुवायलाही पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात; कसारा घाट उतरताना पेडल स्पंजासारखं का होतं, ते यात आलं. बाटली सीलबंदच घ्या. उघडून महिनोन्महिने ठेवलेली आम्हीही वापरत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) लांबचं चाक आधी : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. तासभर पंप करूनही पेडल कडक होत नसेल तर निप्पल कुठे आहे ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली जातं नि हवा वर अडकून बसते. आमच्याकडे ‘ब्लीडिंग (हवा काढणं) होत नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांत हे निघालेलं आहे.

शेवटी, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नव्याने बसवलेला पिस्टन आत असतो, पहिलं पेडल तळालाच जातं.