फ्रागा, गॅलिसिया आणि समुद्रापलीकडची मतं

रविवार, रात्री उशिरा

आज सगळा दिवस मानुएल फ्रागा या एका माणसातच गेला. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया आहे ना, पावसाळी, हिरवं, समुद्राला चिकटलेलं, तिथं हा 1990 ते 2005 अशी सलग 15 वर्षं प्रमुख होता, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखंच पद, आणि उजव्या पक्षाचा तिथला अख्खा डोलारा एकट्याच्या खांद्यावर. पण त्याच्याआधीचं त्याचं आयुष्य वाचायला लागलं की कुठल्या फ्रागाबद्दल बोलायचं हेच कळेनासं होतं, म्हणून आज लिहूनच काढते.

जन्म 1922 चा, लुगो प्रांतातल्या विलाल्बा गावचा. आईवडील पोटासाठी क्यूबाला गेलेले, त्याच्या लहानपणातली काही वर्षंही तिकडेच गेली. गॅलिसियात ही घरोघरची गोष्ट. क्यूबा, अर्जेंटिना, उरुग्वे, नंतर स्वित्झर्लंड-जर्मनी, पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पडत राहिली, इतकी की गॅलिसियाचे प्रांत चार पण पाचवा प्रांत ब्वेनोस आयरेस असं तिकडे म्हणतात. फिदेल कास्त्रोचे वडीलही लुगोतल्याच लान्कारा गावचे! त्यामुळे 1991 मध्ये फ्रागा क्यूबाला गेला आणि 1992 मध्ये कास्त्रो वडिलांचं गाव बघायला आला, एक कट्टर उजवा आणि एक कम्युनिस्ट, दोघं चक्क डॉमिनो खेळत बसले. माझ्या मनात हे चित्र फार घट्ट बसलंय, कारण स्थलांतर माणसांना कसं जोडून ठेवतं हे त्यात दिसतं, विचारधारा वगैरे बाजूला राहते.

पण हाच माणूस 1962 मध्ये, चाळिशीच्या आत, फ्रँकोच्या हुकूमशाहीत माहिती आणि पर्यटन मंत्री झालेला. पर्यटन वाढवलं हे खरं, किनाऱ्यांवर परदेशी लोक येऊ लागले, देशात पैसा आला. 1966 मध्ये दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पालोमारेस गावावर अमेरिकन विमानातून चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले, एक समुद्रात, तेव्हा पाणी सुरक्षित आहे हे दाखवायला अमेरिकेच्या राजदूतासोबत तिथल्या समुद्रात पोहायला उतरला, तो फोटो जगभर गेला. त्याच वर्षी त्याचा प्रेस कायदा आला, छापायच्या आधीची सेन्सॉरशिप काढली, पण छापल्यावर अंक जप्त करायचा, दंड ठोकायचा हे सगळं सरकारच्या हातात ठेवलंच. आणि 1963 मध्ये हुलियान ग्रिमाऊ या कम्युनिस्ट नेत्याला गोळ्या घालून मारलं तेव्हा जगभरातून ओरड झाली, तर सरकारच्या बाजूने उभं राहून त्याचं समर्थन करणारा हाच. ते वाचून मी बराच वेळ पुढे वाचलंच नाही.

मग व्हितोरिया, उत्तर स्पेनमधलं शहर. फ्रँको 1975 मध्ये गेला, फ्रागा गृहमंत्री झाला, आणि 3 मार्च 1976 ला व्हितोरियात संपावरचे कामगार एका चर्चमध्ये सभेला जमले होते तिथे पोलिसांनी आत अश्रुधुराची नळकांडी टाकली आणि जीव घुसमटून बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच कामगार गेले. फ्रागा त्या दिवशी जर्मनीत होता, पण पोलीस त्याच्या खात्याचे होते. त्या गोळीबारासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे त्याने काय काय चांगलं केलं हे सांगताना लोक हा दिवस एका ओळीत उरकतात, मला ते अजिबात पटत नाही. नंतरच्या कामाने त्या पाच घरांचं काही फिटत नाही.

आणि तरीही वर्षा-दीड वर्षात तोच माणूस माद्रिदच्या एका क्लबमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सांतियागो कारिल्योची ओळख करून द्यायला उभा राहतो, आपल्याच बाजूचे लोक खवळलेले असताना. 1978 च्या राज्यघटनेचा मसुदा लिहिणाऱ्या सात जणांत तो होता, आणि तिथे शेजारी कम्युनिस्टही होता. प्रदेशांना एवढी स्वायत्तता देणं त्याला पसंत नव्हतं, त्याच्या पक्षाच्या 16 खासदारांपैकी 8 जणांनीच घटनेच्या बाजूने मत दिलं, बाकीच्यांनी विरोध केला नाहीतर तटस्थ राहिले, फ्रागाने मात्र बाजूने दिलं. मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. फ्रँकोच्या आठवणीत रमलेला जो मोठा वर्ग होता त्याला त्याने मतपेटीच्या रांगेत आणून उभं केलं, आणि ते दुसऱ्या कोणाला जमलं असतं असं वाटत नाही.

देशाची निवडणूक त्याला कधीच जिंकता आली नाही. 1989 मध्ये पक्ष पार्तिदो पॉप्युलार या नावाने नव्याने उभा केला, पुढच्या वर्षी पक्षातल्याच आस्नार या तरुण नेत्याच्या हाती दिला आणि आपण घरी, गॅलिसियाला. स्वायत्ततेला आक्षेप घेणारा माणूस त्याच स्वायत्त सरकारचा प्रमुख झाला आणि मन लावून झाला. हजारो बॅगपाइपवाले गॅलिसियाची राजधानी सांतियागो, तिथल्या चौकात वाजवायला बोलावले, 1993 च्या पवित्र वर्षात सांतियागोची जुनी पदयात्रा एवढी गाजवली की आज जगभरातून लोक चालायला येतात. सांतियागोजवळच्या डोंगरावर त्याने काढलेल्या सांस्कृतिक नगरीवर मात्र पैसा वाहतच गेला आणि ती पूर्ण झालीच नाही.

2002 च्या नोव्हेंबरात प्रेस्टीज हे टँकर 77,000 टन तेल घेऊन किनाऱ्याजवळ संकटात सापडलं, सरकारने ते खोल समुद्राकडे ढकललं, सहा दिवसांनी दोन तुकडे होऊन बुडालं आणि काळं तेल मैलोन्‌मैल किनाऱ्यावर. कोळ्यांनी हाताने तेल उपसलं. लोक लाखांनी रस्त्यावर आले. तिथून त्याची पकड सैल व्हायला लागली असं माझं मत आहे.

19 जून 2005 ला गॅलिसियाच्या विधानसभेसाठी मतदान, वय 82. बहुमताला 75 पैकी 38 जागा लागतात, याच्या 37 झाल्या आणि शेवटची एक जागा पोंतेवेद्रा प्रांतात अडकली. ती ठरणार होती परदेशातल्या मतांवर! तीन लाखांच्या वर गॅलिसियन मतदार बाहेरच्या देशांत, त्यांची पोस्टाने आलेली मतं मोजायला आठवडाभर थांबावं लागलं. ज्या लोकांना भेटायला हा वर्षानुवर्षं ब्वेनोस आयरेसला जात राहिला, ज्यांच्यासारखंच त्याचं स्वतःचं घर होतं, त्यांच्या पाकिटांची वाट बघत अख्खं राज्य बसलं. 37 च्या 38 झाल्या नाहीत. 25 आणि 13 जागांचे दोन पक्ष एकत्र आले, पेरेस तोउरिन्यो प्रमुख झाले, फ्रागाने खुर्ची सोडली आणि तो सिनेटमध्ये गेला. 15 जानेवारी 2012 ला माद्रिदमध्ये वारला.

त्यानंतरचंही सांगायला हवं. 2011 मध्ये मोठ्या पक्षांनी मिळून नियम बदलला, परदेशातल्या माणसाने आधी अर्ज करून मत मागायचं, मग मतपत्रिका यायच्या उशिरा, आणि तिकडून होणारं मतदान पार कोसळलं. लोक भांडत राहिले आणि 2022 मध्ये तो नियम काढावा लागला. हे वाचल्यावर मी मस्कतला भावाला फोन केला. त्याचं नाव मतदार यादीत आहे, पण आपल्याकडे परदेशातल्या नागरिकाला मत द्यायचं तर स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर हजर व्हावं लागतं, पोस्टाने पाठवता येत नाही. त्याला म्हटलं तिकडे एक राज्य आठवडाभर पाकिटांसाठी थांबलं होतं रे, तर तो म्हणाला, ताई, पुढच्या वेळी सुट्टी मिळाली तर तिकीट काढतो.